फळ हवं, पाक नको: गरम हवेसाठी एका लिंबूवर्गीय परफ्यूमच्या प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी

आज कामाला सुरुवात. मागणी मोजक्या शब्दांत आली आहे: फळांचा, लिंबूवर्गीय, गरम हवेत लावता येईल असा परफ्यूम. स्त्रियांसाठी की पुरुषांसाठी, हा प्रश्नच ठेवलेला नाही. निश, म्हणजे मोजक्या चोखंदळ लोकांसाठीच्या, संग्रहात जाणार आहे, त्यामुळे तो सगळ्यांनाच आवडला पाहिजे अशी अटही नाही. या कामातली सर्वांत मोठी मोकळीक हीच.

ती कशासाठी वापरायची ते आजच लिहून ठेवतो. फळांच्या उन्हाळी सुगंधांबद्दलची माझी तक्रार जुनी आहे. फवारा मारला की सुरुवात सुरेख होते. मग साल उडते, रस उडतो आणि अंगावर पाक उरतो: पीच, व्हॅनिला आणि एथिल माल्टॉलचा जळक्या साखरेचा वास. थंडीत तो ऊबदार वाटतोही, पण ऊन तापलं की तोच चिकट होतो. मला याच्या उलट हवंय. फळाचा आंबटपणा आणि सालीचा कडवटपणा शेवटपर्यंत टिकावा, गोडी त्यांच्या मागे राहावी. वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहिलं: फळ हवं, पाक नको.

निश परफ्यूममध्ये फळ म्हटलं की काही जाणकार नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ज्याँ लापोर्त यांनी १९७६ साली लार्टिझाँ पार्फ्युमर हे फ्रेंच परफ्यूमचं घर सुरू केलं, आणि त्या घराची ओळख ज्या सुगंधाने झाली त्यात ब्लॅकबेरी आणि कस्तुरी होती. म्हणजे या परंपरेच्या मुळाशीच फळ आहे. नंतर फळ स्वस्तात आणि सरसकट वापरलं गेलं, हा फळाचा दोष नाही.

१९ जानेवारी

दिवसभर तेलं हुंगली. प्रत्येकाची कागदी पट्टी, वर वेळ लिहिलेली, ठरावीक अंतराने पुन्हा नाकाशी.

गोड संत्र्याचं तेल: सुमारे ९५ टक्के लिमोनीन, म्हणजे सालीतला हलका, लवकर उडणारा रेणू. पहिला वास आनंदाचा, पण आत फारसं काही नाही. संत्र्याला संत्रं करणारे डेकॅनल, ऑक्टॅनल आणि सिनेन्सल उरलेल्या थोड्याशा भागात असतात. म्हणून पाचपट घट्ट केलेलं तेल शेजारी ठेवून पाहिलं. निर्वात ऊर्ध्वपातनाने त्यातलं बरंचसं लिमोनीन काढून टाकलेलं असतं. त्याचा उसळता ताजेपणा कमी आहे, पण साल जाड वाटते आणि पट्टीवर ते साध्या तेलापेक्षा निवांत टिकतं. घेतलं.

लिंबू: त्यातला लिंबूपणा मुख्यतः सिट्रलचा. हवाहवासा वास आहे, पण सिट्रल जास्त झालं की घरातल्या साफसफाईच्या द्रवाची आठवण येते. हात आखडता ठेवायचा.

बर्गमॉट: हे तेल या कुटुंबातलं सर्वांत शहाणं. लिमोनीन साधारण ४० टक्क्यांच्या आसपास, आणि लिनालिल अ‍ॅसिटेट व लिनालूल भरपूर. त्यामुळे सालीच्या वासात लॅव्हेंडरशी नातं सांगणारी फुलांची झाक आहे. बाकी सगळ्यांना एकत्र बांधायला याच्याइतकं योग्य दुसरं नाही.

हिरवं मँडरिन: थोडं थायमॉल, थोडं मिथाइल एन-मिथाइल अँथ्रानिलेट. गोडीखाली औषधी, जवळजवळ ओव्यासारखी धार. मला ती फार आवडते.

ग्रेपफ्रूट: आजचा खरा मानकरी. आंबट आहे, कडू आहे, आणि आतून किंचित घामट. हा शेवटचा गुण बहुतेक जण लपवतात. गरम हवेत, त्वचेवर, तोच सुगंधाला माणसाच्या जवळ आणतो असा माझा कयास आहे. याच्याभोवतीच बांधायचं.

२७ जानेवारी

जुना आराखडा एकदा हाताखालून घालावा म्हणून साधं कोलोन तोललं: बर्गमॉट, लिंबू, संत्रं, पेटिटग्रेन (कडू संत्र्याच्या पानांचं तेल), नेरोली (त्याच्याच फुलांचं), चिमूटभर रोझमेरी. योहान मारिया फारिना यांचं परफ्यूमचं घर जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ पासून आहे, आणि तीनशे वर्षांनंतरही या सांगाड्यात काही कमी वाटत नाही. तासाभरात पट्टी कोरी झाली.

त्यात मला वावगं काही दिसत नाही. कोलोन हातभर ओतून घ्यायचं, मग पुन्हा ओतून घ्यायचं. लिंबूवर्गीय सुगंध आठ तास टिकवायचा हट्ट धरला की त्याचं लिंबूवर्गीयपण पहिलं बळी जातं. लिमोनीनच्या रेणूचं वजन १३६. त्याने लवकर उडावं, हाच त्याचा स्वभाव आहे. खटपट करायची ती ते उडाल्यानंतर मागे काय उरतं याची.

५ फेब्रुवारी

फळ कोणतं?

पीच आधी बाद करायचं ठरवलं होतं, पण पीचच्या वासाचं गॅमा-अंडेकालॅक्टोन समोर आलं की विचार बदलतो. परफ्यूमच्या दुनियेत याला अजूनही अल्डिहाइड सी-१४ म्हणतात, आणि गेर्लां या फ्रेंच घराच्या मित्सुको परफ्यूमने १९१९ मध्ये याच्याच बळावर फळाला गंभीर सुगंधात जागा मिळवून दिली. मुलायम, लवदार, सालीसकट पीच. पण जड. गॅमा-डेकालॅक्टोन थोडं हलकं आणि जास्त रसाळ.

हेक्झिल अ‍ॅसिटेट: नाशपती, सफरचंदाची साल. सुंदर, पण क्षणभरच.

अ‍ॅलिल हेक्झानोएट: अननस, थेट आणि मोठ्या आवाजात. नको. त्याऐवजी अ‍ॅलिल अमिल ग्लायकोलेट: अननस तर आहेच, शिवाय गॅल्बनम या डिंकासारखा हिरवा चीक आहे. हिरवेपणामुळे फळ पिकून गळत नाही, झाडावरच राहतं.

ऑक्सेन: पिवळ्या पॅशनफ्रूटमध्ये सापडलेला गंधकयुक्त रेणू. एक टक्क्याच्या द्रावणातही नाकाला झोंबतो, त्याहून पातळ केला की एकदम आंबट, रसरशीत, उष्ण प्रदेशातलं फळ उभं राहतं. ग्रेपफ्रूटचा गंधकी कोपरा आणि पॅशनफ्रूटचा गंधकी कोपरा एकमेकांना ओळखतात. इथे जोडणी आहे.

कच्च्या आंबट फळाचा विचार करताना परफ्यूमकार ज्याँ-क्लोद एलेना यांचा २००५ चा, एर्मेससाठी केलेला नाईल काठच्या बागेचा सुगंध डोळ्यांसमोर ठेवला. त्यातला हिरवा आंबा पिकलेल्या गोडीशिवाय उभा आहे. फळाच्या सुगंधाला गरापेक्षा चीक आणि साल जास्त जिवंत करतात, हे त्यात स्पष्ट दिसतं.

ठरलं: ग्रेपफ्रूट मध्यभागी, पॅशनफ्रूट त्याच्या पाठीशी, आणि पीचच्या लॅक्टोनची फक्त सावली.

१२ फेब्रुवारी

आजचा प्रयोग या सगळ्या प्रकल्पाचा कणा ठरेल असं वाटतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

एकाच मिश्रणाच्या पट्ट्या दोन ठिकाणी ठेवल्या: काही २० अंशांच्या खोलीत, काही ३५ अंशांच्या कपाटात. मिश्रणात लॅक्टोन जरा सढळ हाताने घातलं होतं, मुद्दाम. थंड खोलीतल्या पट्टीवर संतुलन उत्तम: वर ग्रेपफ्रूट, मागे पीच. गरम कपाटातल्या पट्टीवर ग्रेपफ्रूट लवकर गेलं, हे अपेक्षितच. पण पीच नुसतं उरलं नव्हतं, फुगलं होतं. दोन्ही पट्ट्या सारख्याच वेळाने काढल्या तरी एकाच बाटलीतल्या वाटेनात.

यामागचं कारण साधं भौतिकशास्त्र आहे. तापमान वाढलं की सगळ्याच रेणूंचा बाष्पदाब, म्हणजे हवेत उडण्याचा जोर, वाढतो, पण सगळ्यांचा सारख्या पटीत वाढत नाही. ज्या रेणूला उडायला जास्त ऊर्जा लागते, त्याच्या बाष्पदाबात तापमानवाढीने होणारी वाढही जास्त पटीची असते. हिशेब करून पाहिला: २० वरून ३५ अंशांवर गेलं की लिमोनीनचा बाष्पदाब अंदाजे अडीच पट होतो, जड लॅक्टोनचा मात्र चारच्या घरात. म्हणजे गरम हवेत हलका भाग लवकर संपतो आणि जड भाग आपल्या नेहमीच्या मापापेक्षा मोठा होऊन बोलतो. फळांच्या सुगंधात जड भाग बहुतेक वेळा गोड असतो. पाक तिथून येतो.

त्वचेवर फरक एवढा टोकाचा नसणार, कारण त्वचा थंड दिवसातही बऱ्यापैकी उबदार असते. कपड्यावर आणि केसांवर मात्र तो दिसणार, आणि उन्हात चालणाऱ्या माणसाचा दरवळ तिथूनच सुटतो.

यापुढे प्रत्येक नमुना ३५ अंशांवर तपासायचा. खोलीतल्या तापमानावर सुंदर वाटणारं काहीही मान्य करायचं नाही. जड पदार्थ निवडताना पहिला प्रश्न: हा फुगला तर काय बोलेल? गोड बोलणार असेल तर त्याला अगदी थोडी जागा. कडू, लाकडी, खारट किंवा नितळ बोलणार असेल तर खुशाल मोठी.

१५ फेब्रुवारी

व्हॅनिलिन, एथिल माल्टॉल, कूमारिन: तिन्ही गोड, तिन्ही यादीतून काढली. लॅक्टोन हजारात चार भागांवर आणलं. सहकारी म्हणाली, ‘‘अगं बाई, आता यात गरच नाही राहिला.’’ थोडा वेळ गेल्यावर तीच म्हणाली, ‘‘नाही, आहे. मागे आहे.’’ मागेच हवा होता.

२६ फेब्रुवारी

गंधक.

ग्रेपफ्रूटच्या रसातला तो विशिष्ट वास देणारा १-पी-मेंथीन-८-थायॉल हा गंधकयुक्त रेणू रसायनशास्त्रज्ञ एद्वार दमोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. माणसाच्या नाकाला कळणाऱ्या सर्वांत तीव्र पदार्थांत त्याची गणना होते: साधारण एक कोटी टन पाण्यात एक ग्रॅम एवढ्या विरळपणातही तो जाणवतो. शुद्ध बाटली उघडली तर ग्रेपफ्रूट नव्हे, सडका रबरी दर्प येतो. विरळ केल्याशिवाय फळ दिसतच नाही.

०.०१ टक्क्याचं द्रावण केलं. त्याचे हजारात दोन भाग: काहीच नाही, असं वाटलं. सहा भाग: फळ फुटलं आणि सडायला लागलं. चार भाग: साल सोलताना हवेत उडणारा तुषार. इथेच थांबलो. या पदार्थाच्या बाबतीत ‘थोडं अजून’ हा विचार मनात आला की बाटली बंद करायची.

अडचण अशी की थायॉल टिकाऊ नाही. आम्ल मिळालं की तो स्वतःवरच वळतो आणि बंद कडी करून कमी वासाचा गंधकी संयुग होतो, ऑक्सिजननेही बिघडतो. द्रावण छोट्या बाटलीत, काठोकाठ भरून, थंडीत ठेवलं. त्याचा भार एकट्याने उचलू नये म्हणून मिथाइल पँपलमूस आणि नूटकाटोन हे ग्रेपफ्रूटच्याच वासाचे दोन पदार्थ सोबत दिले. पहिला ताजा, किंचित ऱ्हुबार्बसारखा, आणि रसायन म्हणून शांत. दुसऱ्याबद्दल उद्या-परवा लिहायला हवं, त्यात बरंच आहे.

१ मार्च

नूटकाटोन. नूटका सायप्रस या झाडाच्या लाकडात प्रथम सापडलेला, म्हणून हे नाव. ग्रेपफ्रूटच्या सालीचा कोरडा, लाकडी कडवटपणा याचा. रेणूचं वजन २१८, म्हणजे लिमोनीनच्या मानाने चांगलाच जड. ग्रेपफ्रूटच्या तेलात तो थोडाच असतो, पण बाकीचं तेल उडून गेल्यावर पट्टीवर जे राहतं त्यात त्याचा आवाज ऐकू येतो.

आता माझ्या मनात घोळणारी गोष्ट. वाळ्याच्या तेलात अल्फा-वेटिव्होन असतो, आणि तो नूटकाटोनचाच समघटक आहे: तेच अणू, मांडणी वेगळी. त्याचं दुसरं नाव आयसोनूटकाटोन. ग्रेपफ्रूट आणि वाळा एकत्र चांगले लागतात हे परफ्यूमकारांच्या नाकाला केव्हापासून माहीत आहे. रेणूंची रचना पाहिली की ते नातं रक्ताचं निघतं. फळाचा कडवटपणा सालीतून नूटकाटोनकडे, तिथून मुळांच्या वासाकडे जाऊ शकतो आणि वाटेत कुठे सांधा दिसत नाही. सकाळपासून शोधत होतो तो रस्ता हा: लिंबूवर्गीय तेलाला जबरदस्तीने टिकवायचं नाही, त्याचाच एक गुण उचलून जड पदार्थाच्या हाती द्यायचा.

आणि वाळा गरमीत फुगला तरी गोड बोलत नाही.

६ मार्च

तळ बांधायला घेतला. वाळा हजारात वीस. जास्त धूर आणि माती नसलेलं, नितळ काढलेलं तेल निवडलं.

हेडिओन दोनशे. हा पदार्थ फिर्मेनिश या स्विस सुगंध कंपनीतला, आणि यामागेही एद्वार दमोल हेच नाव, चमेलीच्या अर्कावरच्या कामातलं. एकाच संशोधकाच्या कामातून माझ्या सूत्राच्या दोन टोकांचे पदार्थ यावेत याचं मला आज फार अप्रूप वाटलं: एक इतका तीव्र की विरळ करून करून घालायचा, दुसरा इतका हलका की पाचवा हिस्सा देऊन टाकायचा. परफ्यूमकार एदमों रुदनित्स्का यांनी १९६६ च्या ओ सोव्हाज या सुगंधात हेडिओन वापरला, आणि लिंबूवर्गीय सुगंधाला हवेशीर मोकळेपणा कसा देता येतो ते दाखवलं. स्वतः तो फारसा वास देत नाही. आजूबाजूच्या वासांमध्ये अंतर निर्माण करतो, त्यामुळे ग्रेपफ्रूट दाट न होता पसरतं.

आयसो ई सुपर नव्वद: मऊ, कोरडं लाकूड. अँब्रॉक्सन आठ: खारट, उबदार, त्वचेसारखा. तो थोडाच पुरतो. वाढवला की सगळा सुगंध त्याच्या मागे धावतो.

कस्तुरी दोन प्रकारच्या. हेल्वेटोलाइडमध्ये नाशपतीची पुसट झाक आहे, त्यामुळे फळाशी त्याचं जमतं. एथिलीन ब्रासिलेट तलम आणि किंचित गोड, पण ही गोडी पावडरीची आहे, साखरेची नाही. ३५ अंशांवर दोन्ही तपासून पाहिल्या. पाक नाही.

१८ मार्च

त्वचेवरच्या चाचण्या. कार्यशाळेतले सगळे आणि त्यांच्या घरचे काही जण.

पहिला निष्कर्ष कस्तुरीचा. एकाला हेल्वेटोलाइड अजिबात कळत नाही, दुसरीला आयसो ई सुपर मधूनच गायब होतो. विशिष्ट रेणूचा वास न येणं हे माणसांत सर्रास आढळतं, आणि मोठ्या रेणूंच्या कस्तुऱ्यांबाबत तर फारच. म्हणून एकाच कस्तुरीवर तळ उभा करू नये. दोन ठेवल्या होत्या ते योग्यच, तिसरी म्हणून थोडं अँब्रेटोलाइड जोडलं.

दुसरा तीव्रतेचा. तेच मिश्रण अल्कोहोलमध्ये ८, १४ आणि १८ टक्के. गरम हवेसाठी हलकं प्रमाण बरं, असा सगळ्यांचा अंदाज होता. आठ टक्के खरोखर प्रसन्न, पण वाळ्यापर्यंत पोचण्याआधीच संपतो, म्हणजे या सूत्राचा अर्धा विचार त्यात दिसतच नाही. अठरा टक्के उन्हात दाट. चौदा टक्क्यांवर एकमत.

घाम हा स्वतंत्र मुद्दा आहे. ओल्या त्वचेवर फवारलं की पहिला टप्पा विस्कटतो. कोरड्या त्वचेवर लावून नंतर घाम आला तर काही बिघडत नाही, उलट ग्रेपफ्रूटचा गंधकी कोपरा थोडा वर येतो. तो माणसाच्या वासात मिसळतो, त्याच्याशी भांडत नाही. जानेवारीतला कयास खरा ठरला याचा आनंद आहे.

२ एप्रिल

सुरक्षिततेचा हिशेब. कंटाळवाणा म्हणून शेवटी ढकलला जातो. उन्हात लावायच्या सुगंधात तो सूत्राच्या पोटातच असायला हवा.

दाबून काढलेल्या अनेक लिंबूवर्गीय तेलांत फ्युरोकूमारिन असतात. बर्गमॉटमधला बर्गाप्टेन त्यातला कुप्रसिद्ध. त्वचेवर तो असताना अतिनील किरण पडले तर भाजल्यासारखी इजा आणि महिनोन्‌महिने राहणारे काळे डाग होऊ शकतात. म्हणून त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संस्थेच्या मर्यादा अशा: दाबून काढलेलं बर्गमॉट ०.४ टक्के, लिंबू २ टक्के, ग्रेपफ्रूट ४ टक्के.

माझ्या मिश्रणात बर्गमॉट हजारात १८०. चौदा टक्के तीव्रतेला तयार परफ्यूममध्ये तो २.५२ टक्के होतो, म्हणजे साधं तेल असतं तर मर्यादेच्या सहापटींहून अधिक. यावर एकच उत्तर: फ्युरोकूमारिन काढलेलं बर्गमॉट. पहिल्या दिवसापासून तेच वापरतोय. शेजारी ठेवून हुंगलं तर साध्या तेलाची किंचित खोली त्यात कमी वाटते, ती थोड्या पेटिटग्रेनने भरून निघते.

ग्रेपफ्रूट हजारात ९०, म्हणजे तयार परफ्यूममध्ये १.२६ टक्के: त्याच्या मर्यादेचा साधारण ३२ टक्के भाग. लिंबू हजारात ४०, म्हणजे ०.५६ टक्के: मर्यादेच्या २८ टक्के. अशी तेलं एकत्र असली की प्रत्येकाचा वापरलेला भाग जोडायचा आणि बेरीज शंभरच्या आत ठेवायची. इथे साठच्या आसपास. ठीक. गोड संत्र्यावर या कारणासाठी बंधन नाही. मँडरिनमधला मिथाइल एन-मिथाइल अँथ्रानिलेट प्रकाशसंवेदी आहे आणि त्याला ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. मँडरिनच्या पन्नास भागांतून येणारं प्रमाण त्याच्या कितीतरी खाली.

तरीही बाटलीवर ‘कडक उन्हात जाताना उघड्या त्वचेऐवजी कपड्यावर फवारा’ ही ओळ घालायची असं माझं मत आहे. नियमाला ती लागत नाही, मला लागते.

९ एप्रिल

कपड्यावर फवारा म्हणायचं तर डागही तपासायला हवेत. पांढऱ्या सुती कापडावर जवळून आणि हातभर लांबून. जवळून फवारल्यावर फिकट पिवळं वर्तुळ राहिलं. दाबून काढलेल्या तेलांतला सालीचा रंग आहे तो. लांबून फवारल्यावर काही दिसत नाही. पाचपट संत्र्याचं तेल सर्वांत जास्त रंगीत, म्हणून साठवरून पंचेचाळीसवर आणलं. वासात फरक जाणवला नाही.

अतिनील दिव्याखाली मँडरिनचं तेल निळसर चमकतं. ही त्याच अँथ्रानिलेटची करामत. कामाशी संबंध नाही, पण पाहताना डोळ्यांचं पारणं फिटलं म्हणून नोंद.

संत्र्याच्या फुलाची झाक यावी म्हणून मिथाइल अँथ्रानिलेट घालावा का, अशी सूचना आली. त्यातला मोकळा अमाइन गट सिट्रल आणि डेकॅनलसारख्या अल्डिहाइडशी जुळून शिफ बेस नावाचं रंगीत संयुग करतो. द्रव नारिंगी होत जातो आणि वास जड, गोड होतो. या सूत्रात रंग आणि गोडी, दोन्ही नकोत. सूचना चांगली होती, जागा ही नव्हे. नेरोलीचे चार थेंब पुरले.

२१ एप्रिल

टिकाऊपणा. लिमोनीन हवेशी मिळून हायड्रोपेरॉक्साइड बनवतं. वास टर्पेंटाइनकडे, मग कार्वोनच्या शहाजिऱ्यासारख्या छटेकडे झुकतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्वचेला अ‍ॅलर्जी होण्याचा धोका ताज्या लिमोनीनपेक्षा या ऑक्सिडीकृत लिमोनीनचा जास्त असतो. तेलांचं पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे ते हवेने किती बिघडलंय याचं माप, २० मिलिमोल प्रति लिटरच्या खाली हवं. आलेल्या सगळ्या तेलांचं तपासून घेतलं, सगळी बरीच खाली.

हवेने बिघडणं रोखायला मिश्रणात ०.१ टक्के बीएचटी, शिवाय थोडा टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व). ड्रम अर्धे ठेवायचे नाहीत. तेल कमी झालं की छोट्या भांड्यात ओतायचं आणि वरची हवा नायट्रोजनने हटवायची. ४० अंशांवर ठेवलेला नमुना ताज्याशेजारी हुंगला: लिंबू मंदावलंय, थायॉल थोडा दबलाय, ग्रेपफ्रूट–वाळा जोडी जशीच्या तशी. मंदावलेल्या लिंबासाठी सिट्रोनेलिल नायट्राइलचे थोडे भाग वाढवले. सिट्रलच्या मानाने तो फार स्थिर, आणि इतक्या कमी प्रमाणात धातूसारखी धार लागत नाही.

६ मे

अल्कोहोलमध्ये मिसळून मुरायला ठेवलं होतं ते बाहेर काढलं. मुरल्यावर कडा मऊ झाल्या आहेत. सुरुवातीचा अल्कोहोलचा टोचरेपणा गेला. पाणी फार थोडं घातलं, कारण टर्पीन, म्हणजे लिमोनीनसारखे तेलातले रेणू, पाणी सोसत नाहीत. एका नमुन्यात पाणी जरा वाढवून पाहिलं तर तो लगेच दुधाळ झाला.

शून्य अंशाजवळ थंड करून ठेवल्यावर तळाशी धूसर गाळ जमला, सालीतलं मेण. थंड असतानाच गाळला. खोलीच्या तापमानावर आणून गाळला असता तर मेण पुन्हा विरघळून फिल्टरमधून निघून गेलं असतं, आणि ग्राहकाच्या शीतकपाटात पुन्हा दिसलं असतं. आता द्रव स्वच्छ, फिकट पिवळा.

२० मे

खऱ्या उन्हातली चाचणी. कपडे, केस, मनगट, दिवसभराची ये-जा.

पहिली पंधरा-वीस मिनिटं साल आणि तुषार: ग्रेपफ्रूट, हिरवं मँडरिन, बर्गमॉट. त्यानंतर पॅशनफ्रूटचा आंबट रस, अननसाचा हिरवा चीक. हा टप्पा सगळ्यांना फार आवडला, मलाही. दुसऱ्या तासाला जिथे पाकाची भीती होती तिथे कडवट, कोरडं, थंडावा देणारं काहीतरी आहे. एकीने विचारलं, ‘‘हे अजून ग्रेपफ्रूटच आहे की मला तसं वाटतंय?’’ त्या वेळेपर्यंत ग्रेपफ्रूटचं लिमोनीन केव्हाच उडून गेलेलं असणार. तिला येत होता तो नूटकाटोन आणि वाळा. यापेक्षा मोठी पावती मला नको होती.

चौथ्या-पाचव्या तासाला कस्तुरी आणि अँब्रॉक्सन, त्वचेलगत. तिथे संपतो. कपड्यावर दुसऱ्या दिवशीही वाळा सापडला.

एकाची तक्रार: थोडी गोडी असती तर मित्रांना लगेच आवडला असता. असेल. ती वाट घ्यायची नाही असं जानेवारीत ठरलं होतं आणि आज उन्हात उभं राहून ते मला अधिकच पटलं.

२८ मे

सूत्र बंद केलं. वाळा वीसवरून बावीस, ऑक्सेनचं एक टक्क्याचं द्रावण हजारात तीन, बाकी आहे तसं.

लेबलचं काम सुरू. त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्यांहून जास्त असलेले सुगंधी अ‍ॅलर्जन युरोपीय महासंघात नावानिशी छापावे लागतात, आणि २०२३ च्या दुरुस्तीने ती यादी बरीच लांबवली. आमच्याकडे लिमोनीन, लिनालूल, सिट्रल, जेरॅनिऑल तर आहेतच, लिनालिल अ‍ॅसिटेटही आता यादीत आलं आहे. डब्याची मागची बाजू भरून जाईल. ग्राहकाला पूर्ण नावं वाचता आली पाहिजेत, म्हणून अक्षर लहान न करता मागची सजावट काढायला सांगितली.

बाटली गडद काचेची.

ग्रेपफ्रूट तेलाचा नवा लॉट पुढच्या आठवड्यात येतोय. आला की जुन्याशेजारी पट्टीवर, ३५ अंशांवर. तेलातला गंधकी भाग हंगामाप्रमाणे कमी-जास्त होतो, त्यामुळे थायॉलचे चार भाग तेव्हा पुन्हा जुळवून घ्यायचे.